वरचं सप्तक

सोमवार, १७ नोव्हेंबर

फजिती! तीही पहिल्याच दिवशी!

आपोआप वाजणाऱ्या पियानोंच्या दुरुस्तीचं प्रशिक्षण. लोणावळ्यात, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. आम्ही सहा जण, सगळे पियानो ट्यून करणारे. त्यात बाई मी एकटीच, आणि पन्नाशी ओलांडलेलीही मीच. शिकवायला पुण्याची मानसी — माझ्या लेकीपेक्षा लहान!

म्हणाली, "ज्योत्स्नाताई, तुम्ही वाजवून बघा."

मी पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली. नाही! कान गेले, असंच वाटलं — वर्षभर तीच तर धास्ती घेऊन बसलेय.

"अहो ताई, सायलेंटचा खटका ओढलाय! आता आवाज फक्त हेडफोनमध्ये."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा मी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

संध्याकाळी भाजे गावी, माहेरी आबांकडे. सांगितलं, पियानो आता स्वतःच वाजतो. म्हणाले, "मंग मानूस कशाला लागतंय?"

लोणावळ्याच्या बंगल्यांतले पियानो लावण्यात आबांचा जन्म गेला. बारा वर्षांची होते तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर. बाकी सगळं ते करायचे, वरचं सप्तक मात्र माझं. "बारीक सूर आमच्या पोरीच्याच कानाचा," असं बंगलेवाल्यांना सांगायचे. केवढी मिरवायचे मी! अजूनही मिरवते, खोटं कशाला लिहू.

गुरुवार, २० नोव्हेंबर

या पियानोत प्रत्येक पट्टीखाली विजेवर उचलला जाणारा एक दांडा असतो. तो कमीत कमी किती जोराने उचलला की सूर उमटतो, ते कानाने ऐकायचं आणि आकडा लॅपटॉपवर भरायचा. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या.

वरच्या दहा-बारा मला येतच नाहीत ऐकू. शेजारी तळेगावचा प्रितम बसतो. सूर आला की त्याच्या भुवया वर जातात. त्या बघून मी आकडा भरते! चोरीच ही. पण शनिवारी परीक्षा आहे, आणि प्रमाणपत्राशिवाय कंपनी कुठल्याच पियानोला हात लावू देणार नाही. मग मी काय करू? दुसरं येतं काय मला?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. गेले नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

एकेकाला आत बोलावलं. म्हणजे प्रितम बाहेर, त्याच्या भुवयाही बाहेर. शहात्तर पट्ट्या बिनचूक! मानसी मान डोलवत होती.

मग — काहीच नाही. आकडा एकाने वाढवला. नाही. आणखी वाढवला. नाही. एकदम उमगलं आणि मला हसूच फुटलं. "मानसी, पुन्हा खटका ओढून ठेवलास होय? चावट कुठली!"

ती हसली नाही. उठून जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, खटका उघडाच आहे. वाजतोय तो. मघापासून."

रविवार, २३ नोव्हेंबर

आबांना सगळं सांगितलं. लहान पोरीसारखी रडले. मग आबा म्हणाले, "माजं तर चाळिशीतच ग्येलतं गं. म्हनून तर वरचं तुला दिल्तं."