राजम्याची खीर, डॉमिनो आणि माझा भाडेकरू

११ मार्च, सोमवार
ऑपरेशन होऊन तीन महिने. मोठं आतडं गेलं. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, त्यावर पिशवी. नर्स त्याला स्टोमा म्हणते, मी भाडेकरू म्हणतो. गल्लीत हर्निया सांगितलंय. खरं फक्त मला आणि नूरिसला ठाऊक. बायको आहे, तिला सांगावंच लागलं. संकल्प : उद्यापासून पिशवी स्वतः बदलायची. उपाशीपोटी, शिस्तीत.

१२ मार्च
नूरिसने बदलली. मी आरसा धरला. तेही जोखमीचंच काम. पण बनियन दातांत धरून बायकोपुढे उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१५ मार्च, शुक्रवार
नेग्रोनच्या दुकानापुढे डॉमिनो. पार्टनर नेहमीचा, फेयो. माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे माझा कोंपाद्रे. ईस्टरच्या आदल्या दिवशी फायनल. कप आमचाच.
भाडेकरू मध्येच गुरगुरला. मी तत्काळ सोंगटी दाणकन आपटली. कुणाला पत्ता नाही! फक्त पाळी माझी नव्हती. फेयो म्हणाला, अरे बाबा, दम धर की जरा.

१९ मार्च
फेयोचं काहीतरी बिनसलंय. अंडं ठेवावं तशी सोंगटी ठेवणारा माणूस. हल्ली टेबल मोडेल इतक्या जोराने आपटतो. वर नेग्रोनला रेडिओ मोठा करायला लावतो. वय झालं. मी मोठ्या मनाने माफ केलं.

२६ मार्च
ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. घरोघरी खिरीचे वाडगे सुरू. राजमा, नारळाचं दूध, रताळं, लवंग. नूरिस म्हणाली, गॅस होईल, नुसती चव घ्या. घेतली. चार घरांची. आलेला वाडगा परत पाठवणं आमच्यात बसत नाही.

३० मार्च, शनिवार, दुपार
आज फायनल. पांढरा लिननचा शर्ट. नूरिस म्हणते, निघण्याआधी पिशवी रिकामी करा. अजून पुष्कळ जागा आहे. उगाच घाबरते.

३१ मार्च, ईस्टर
लिहवत नाही. लिहितो.
शेवटचा डाव, जिंकत होतो. पिशवी फुग्यासारखी फुगली. मी सोंगटी आपटायला वाकलो आणि पिशवीची कड सुटली. पट्ट्याखाली गरम ओल. मग वास. शर्टावर डाग पसरताना दिसत होता. हलता येईना. वाटलं, इथेच मरावं.
तेवढ्यात फेयो उठला, अडखळला, बिअरची अख्खी बाटली माझ्यावर. टेबल आडवं, सोंगट्या रस्त्यावर. विरुद्ध जोडीतला चुचो ओरडला, डाव उधळतोस काय रे, चोरा! फेयो म्हणाला, उधळला, काय करशील? डाव आम्ही उधळला म्हणून कप चुचोच्या जोडीला गेला.
फेयो मला धरून, डागाच्या बाजूने चालत, घरी घेऊन आला. वाटभर मी त्याला झापलं. धांदरट, घालवलास ना कप! तो म्हणाला, हो रे, चुकलं.
घरी हे सांगितलं तर नूरिस शर्ट धूत म्हणाली, अहो, फेयो भाऊजींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रेडिओ कशाला मोठा करायला लावतात ते?
संध्याकाळी फेयो दारात. हातात वाडगा. नूरिसला म्हणाला, भाताची खीर आहे वहिनी, राजमा नाही. मी दारामागे लपलो. मी झोपलोय असं सांगायला तिला आधीच बजावलं होतं. तिने सांगितलं.
भाडेकरू गुरगुरला. चांगला मोठ्याने.
फेयोला लगेच खोकला आला.