पूजेत ठेवायची सुरी

७ सप्टेंबर, रविवार, सायं. ६.१०
...आणि तेवढ्यात डब्यातलं तेल पेटलं. झाकण घातलं. विझलं. बाल्कनीचा पडदा अर्धा शिल्लक आहे. वर्षाली म्हणाली, तो लाडवांचा डबा होता. होता, हे मान्य.
लाल तापलेली पत्ती जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवली की कडक होते. सुरी बनवण्याचं शास्त्र एवढंच. व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे.

८ सप्टेंबर
कारण नोंदवून ठेवतो. खंडेनवमीला दिघीला वर्षालीच्या माहेरी हत्यारांची पूजा असते. सासरे, बबनराव, तीस वर्षं टूलरूममध्ये होते. ते कानस, हातोडा, व्हर्निअर मांडतात. मी लॅपटॉप. गेल्या वर्षी भावकीसमोर म्हणाले, पावणं, चार्जर बी ठेवा की, देवाला बॅटरी पुरायची न्हाई. सगळे हसले. वर्षाली जास्त वेळ.
यंदा स्वतःच्या हातची सुरी ठेवणार. फॅमिली ग्रुपवर जाहीर केलंय.

१३ सप्टेंबर
पत्ती तळवड्याच्या भंगारवाल्याकडून आणली होती. त्याने तेव्हाच सांगितलं होतं, साहेब, ही खिडकीच्या ग्रिलची, सुरीला गाडीच्या स्प्रिंगची घ्या. पण स्प्रिंगची गंजलेली, वाकडी. ही सरळ. आज फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं. घट्ट चिकटलं. म्हणजे अस्सल पोलाद.
चाकणला कंपनीत मी मटेरियल सर्टिफिकेटशिवाय लॉट गेटच्या आत घेत नाही. इथे सर्टिफिकेट कशाला? मी स्वतःला ओळखतो.

१४ सप्टेंबर
सासऱ्यांचा फोन. म्हणाले, ग्राइंडरवर ठिणगी बघितली का? चांगल्या पोलादाची फुलबाजीवाणी फुटती. मी म्हणालो, हल्ली तसं कोणी बघत नाही. ते म्हणाले, बरं.
नंतर पाहिली. ठिणगी लांब, सरळ. फुटत नाही. शिस्तीची वाटली.
त्यांना काहीही विचारायचं नाही.

२१ सप्टेंबर
तिसऱ्यांदा बुडवली. डबा चिवड्याचा. तरी कानस सहज घासते. म्हणजे धार काढायला सोपी जाणार. हा फायदा व्हिडिओत सांगत नाहीत.

२७ सप्टेंबर
मूठ बसवली. धार लावली. धुराबद्दल सोसायटीची नोटीस आली होती, ती उभी चिरली. एका झटक्यात. वर्षाली म्हणाली, दिसायला छान आहे. पहिल्यांदाच कौतुक.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सासऱ्यांनी सुरी हातात घेतली. पात्याच्या पाठीवर कानस एकदाच ओढली. बारीक कीस पाटावर पडला. तो त्यांनी तळव्याने पुसला. सुरी स्वतःच्या हातोड्याशेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. चुलत मेहुणा सुजित म्हणाला, दाजी, यंदा चार्जर कुठाय? सासरे त्याला म्हणाले, गप ए. पावण्यानी हातानं केलीय.
पास.
पूजेतलं हत्यार आज वापरत नाहीत. म्हणून सासूबाईंना, कौशल्याबाईंना, सगळ्यांसमोर सांगितलं की उद्या घारग्यांचा भोपळा याच सुरीने चिरायचा. सासरे घाईने म्हणाले, कशाला, ऱ्हाऊ द्या देवापाशी. त्यांना ठेवून घ्यायची असावी. मी आग्रह सोडला नाही. आज मुक्काम इथेच.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी ८.४०
सुरी भोपळ्यात वाकली. सासूबाईंनी ती हातानेच सरळ केली आणि धुऊन मला परत दिली. भोपळा विळीवर चिरला.