मास्तरांचा अंगठा

१२ नोव्हेंबर, बुधवार
बस पर्वरीला अर्धा तास अडकली. मंडळात पोचले तर मेजावर सतरा फायली. नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले. प्रत्येक पेन्शनरने वर्षातून एकदा "मी जिवंत आहे" असं कळवायचं. नाही कळवलं की पेन्शन बंद, आणि बंद झाली की सगळे आमच्या तक्रार मंडळात. तक्रारी घ्यायच्या की फेटाळायच्या, ते मी लिहून द्यायचं, अध्यक्षांनी सही करायची. सहा वर्षं हेच करतेय.

एक फाईल वेगळी निघाली. परब मास्तर, आमोणे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ८१. पेन्शन व्यवस्थित चालू. तक्रार दोनच ओळींची: "मी हयात असल्याचे या वर्षी माझ्याशिवाय दुसऱ्याच कोणी कळवले आहे. ते कोण, याचा शोध व्हावा." अक्षर असं की फ्रेम करून लावावं.
सोबत बँकेच्या कागदाची प्रत. "घरी जाऊन पडताळणी केली" आणि खाली अंगठा. मास्तरांचं म्हणणं, घरी कोणी आलंच नाही, आणि मी जन्मभर सही करणारा माणूस अंगठा कशाला देईन.
आमची कारकून शिरोडकर वाचून हसली. "पेन्शन मेळटा न्हय तांकां? मग कसली तक्रार?"
मीही हसले.

१४ नोव्हेंबर
मास्तर स्वतः आले. शिरोडकर रजेवर, त्यामुळे थेट माझ्या दारात. मी कोर्टाचं उत्तर लिहीत होते, चारच्या आत पाठवायचं होतं.
"बाई, मी परब. आमोण्याचा."
बसा म्हटलं. बसले नाहीत. "मला पैशांचं काही नाही हो. पण कोणीतरी मी होऊन बसलाय, आणि सरकारला तो चालतोय."
बघते म्हटलं. "बरं" म्हणाले नि गेले. दोन मिनिटंही नसतील.
उत्तर चारला पाच कमी असताना गेलं.

१८ नोव्हें.
मास्तरांच्या फायलीवर मत दिलं. "तक्रारदाराचे कोणतेही नुकसान झालेले नाही, सबब तक्रार दाखल करून घेण्याजोगी नाही." अध्यक्ष म्हणाले, "असं थोडक्यात लिहावं."
आज आईला बँकेत नेऊन तिचाही दाखला दिला. "दर वर्षी सांगायचं? एकदा सांगितलेलं पुरत नाही?" असं त्या काउंटरवरच्या मुलीला विचारत होती.

५ डिसेंबर
मास्तरांचं दुसरं पत्र. तारीख १ डिसेंबरची.
"आपला निर्णय पोचला. दरम्यान माझा पत्ता बदलला आहे असे बँक म्हणते. मी आमोण्यात त्याच घरात आहे. नवा पत्ता सुर्ल्याचा, माझ्या भाच्याचा. माझे नुकसान झालेले नाही असे आपण लिहिता. खरे आहे. अजून नाही."
ते "अजून नाही" दुपारभर डोक्यात होतं. फाईल पुन्हा उघडण्याची टिप्पणी लिहिली, बँकेकडून मूळ कागद मागवले. अध्यक्षांनी सही केली, पण भुवया चढवून.

१६ डिसेंबर
तक्रार मागे घेतल्याचा अर्ज आला. टाईप केलेला. "गैरसमजातून तक्रार झाली, आता काही म्हणणे नाही." खाली अंगठा.
घेऊन आला तो भाचा, उल्हास. चाळिशीचा, इस्त्रीचे कपडे, खनिजाचे ट्रक आहेत त्याचे. बोलायला गोड.
"मामांना अर्धांगाचा झटका आला, मॅडम. उजवा हात गेला. आमोण्यात एकटे कसे राहणार? घरी आणलंय."
डॉक्टरचा कागद?
"आणतो की."
जाताना शिरोडकरला आणि शिपायाला नव्या वर्षाची कॅलेंडरं देऊन गेला. माझ्या मेजावरही एक. मी ते कपाटामागे टाकलं, का कोण जाणे.

१७ डिसेंबर
मूळ कागद आले. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून भिंगातून बघितले. मी तज्ज्ञ नाही, पण दोन्हींत एक तिरकी रेघ आहे, जुन्या जखमेची. एकाच बोटाचे.
अध्यक्षांना दाखवलं. "झालं तर! म्हणजे पहिलाही मास्तरांचाच. विसरले असणार. एक्याऐंशी वय."
"किंवा दोन्ही त्यांचे नाहीत," मी म्हटलं.
त्यांनी भिंग परत दिलं. मग, "तुम्ही बंद करायचं मत द्या, बाई. माणूसच म्हणतो तक्रार नाही."
पण माणूस म्हणतो कुठे? कागद म्हणतो. आणि आम्ही तो घेतला की मंडळाचा शिक्का बसला, हा अंगठा परब मास्तरांचा. उद्या कुठल्याही कचेरीत तो चालेल. मुखत्यारपत्र, विक्रीखत, काहीही.
मत दिलं नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी आले. डोकं खरंच दुखत होतं.

२२ डिसेंबर
रजा टाकून आमोण्याला. घर नदीच्या अगदी काठावर, मागे माड, पुढे मांडवी. दाराला नवं कोरं कुलूप. पडवीत वर्तमानपत्रांचा ढीग, दोरीवर एक टॉवेल वाळून कडक झालेला.
शेजारी पार्वती म्हणून बाई राहते. आधी बोलेना. मी पेन्शनच्या कचेरीतली म्हटल्यावर पायरीवर आली.
"व्हेले तांकां. सकाळीं गाडी आयल्ली. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिसा."
म्हणजे पाच तारखेला नेलं त्यांना. मी त्यांचं पत्र वाचत होते तो दिवस.
झटका आला होता ना?
"झटको? आपल्या पांयांनी चलत गेले गाडयेपर्यंत. छत्री घेवंक परत आयले."
मग आवाज खाली आणून, "जाग्याची गजाल आसा, बाये. नदीकडेचो जागो. म्हजें नांव खंय घेवं नाका."
तिचा मुलगा उल्हासच्याच ट्रकवर ड्रायव्हर आहे. हे तिने मी निघाल्यावर, माझ्या पाठीमागून सांगितलं.

३० डिसेंबर
उल्हासला फोन केला होता. "कधीही या, फक्त आधी सांगून या." न सांगता गेले.
सुर्ल्याला रस्त्याकडेची झाडं सगळी तांबडी, खनिजाच्या धुळीने. घर मोठं, नवीन. बायको दारात आली, दार निम्मं उघडून. मामा झोपलेत. मी थांबते म्हटलं. डॉक्टरने भेटायला मनाई केलीय. कुठला डॉक्टर? ती आत बघत राहिली.
मागच्या खोलीचं जनेल, गजांची खिडकी, बाजूच्या वाटेकडे आहे. पडदा. आत कोणीतरी खोकलं. मी मोठ्याने हाक मारली, "मास्तर!" खोकला थांबला. एकदम थांबला, कोणी तोंडावर हात ठेवावा तसा. का मलाच तसं वाटलं?
तेवढ्यात बायकोने दार लावून घेतलं.

७ जानेवारी
अध्यक्षांना लेखी दिलं: तक्रारदाराला प्रत्यक्ष हजर केल्याशिवाय तक्रार बंद करू नये असं माझं मत. पार्वतीचं नाव लिहिलं नाही.
त्यांनी दोनदा वाचलं. "एकच तारीख देतो. २१. माणूस आला, बोलला, की विषय संपला. चालेल?"
चालेल म्हटलं.

१० जानेवारी, शनिवार
सुट्टी असूनही कामावर जावं लागलं. तीनला घरी आले, तर पडवीत उल्हास. आईशी गप्पा मारत, चहा घेत. टोपलीभर शहाळी आणलेली. "पार्शेला आलो होतो एका कामाला. म्हटलं मॅडमच्या घरी डोकावू."
पत्ता कोणी दिला विचारलं. "गाव लहान आहे हो आपला."
मला काही बोलला नाही. २१ तारखेचा शब्दही नाही. उठताना आईच्या पाया पडला. मग चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई दिवसभर एकट्याच असतात, नाही?"
आईला तो फार आवडला. "केवढा मानाने बोलणारा. तू का अशी तोंड करून बसलीस?"
शहाळी कुंपणापलीकडे फेकली. आई दोन दिवस बोलणार नाही आता.
उद्यापासून शेजारच्या सुमनवहिनीला दुपारी आमच्याकडे बसायला सांगितलंय. कारण सांगितलं नाही.

२१ जानेवारी
सुनावणी. हे नीट लिहून ठेवायला हवं.
अकराला उल्हास आला, सोबत एक म्हातारा. उल्हासने आणि आणखी एकाने धरून आणलेला. बारीक, डोक्याला मफलर, चष्मा नाही, उजवा हात मांडीवर पडलेला. डोळ्यांतून पाणी.
अध्यक्षांनी विचारलं, तुमचं नाव? उल्हासने पाठीवर हात ठेवला. म्हातारा म्हणाला, "परब."
तक्रार मागे घेता? मान हलवली.
अंगठा घेतला. शिरोडकरने भिंग दिलं. तिरकी रेघ होती. तिन्ही जुळले.
"झालं," अध्यक्ष म्हणाले. मग फाईल चाळता चाळता, "तुम्ही तर भेटलाय ना यांना? १४ नोव्हेंबरला आले होते अशी नोंद आहे. हेच ना ते? तेवढं लिहून घेतो."
खोलीत सगळे माझ्याकडे. उल्हास तर हसत होता.
फायलीतला फोटो निवृत्तीच्या वेळचा, तेवीस वर्षांपूर्वीचा. कोणताही म्हातारा त्यात बसेल. मी आठवायचा प्रयत्न केला. "आमोण्याचा" म्हणताना खणखणीत आवाज. पांढऱ्या बाहीचा काठ. छत्रीचं टोक फरशीवर. चेहरा नाही. चेहराच नाही.
मी म्हटलं, "सांगता येत नाही."
"म्हणजे?"
"ते माझ्या दारात उभे होते तेव्हा मी मान वर केली नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही."
शिरोडकरचं टाईपिंग थांबलं. अध्यक्षांना माझी लाज वाटली असावी. मला तर वाटलीच.
मी म्हटलं, आमोण्यातलं कोणीतरी ओळखीचं बोलवू, डाव्या हाताने चार अक्षरं लिहून घेऊ, तोवर तहकूब ठेवावं. उल्हास पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, आजारी माणसाचे किती हाल करणार. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि ४ फेब्रुवारी दिली. का दिली देव जाणे, पण दिली.
उठवायला लागले तेव्हा म्हाताऱ्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. "बाये, माका घरा व्हर."
"घरीच चाललोय, मामा," उल्हास म्हणाला आणि एकेक बोट सोडवलं.
मास्तर त्या दिवशी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलले होते. पण आजारात माणूस लहानपणीच्या बोलीत जातो, तेही खरं. मोबाईलवर त्याचा एक फोटो काढला तेवढा. गाडीचा नंबर लिहून घेतला.

२४ जानेवारी
आमोण्याला. पार्वतीला फोटो दाखवला. हेच का मास्तर?
बघत राहिली. पदराने स्क्रीन पुसून पुन्हा बघितलं. मग मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि हात जोडले.
"म्हजो झील ताच्याच ट्रकार आसा, बाये."
फक्त हो म्हणायचं असतं तर ट्रकची आठवण कशाला झाली असती?
विचारलं, ४ तारखेला येशील? आत गेली. मी पायरीवर बराच वेळ उभी. मागे माडांत दोन माणसं टेप लावून काहीतरी मोजत होती. मला बघून थांबली. मी जाईपर्यंत थांबूनच राहिली.

४ फेब्रुवारी
कोणी आलं नाही. उल्हास नाही, म्हातारा नाही, पार्वती नाही. एक वाजेपर्यंत वाट बघितली. फोन बंद.
अध्यक्ष म्हणाले, "गैरहजर, सबब निकाली. लिहा."
मी लिहिणार नाही म्हटलं. ते चिडले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, "मग मी लिहितो. पण बाई, तुम्ही त्या माणसाचं काय करणार आहात?"
पोलिसांसाठी अर्ज लिहून घेऊन डिचोलीकडे. सुर्ल्याला वाटेत उतरले. घर बंद, ट्रक नाहीत, मागच्या जनेलाचा पडदा काढलेला. खोली रिकामी. एक खाट, खाली पाण्याचा तांब्या.

पोलीस ठाण्यात हवालदार वयस्कर होता, शांतपणे ऐकून घेतलं. सगळं. पाऊण तास. मग रजिस्टर पुढे ओढलं.
"हरवलेल्या व्यक्तीचं नाव?"
परब मास्तर, आमोणे. वय एक्याऐंशी. फायलीतला जुना फोटो दिला. ५ डिसेंबरला शेवटचे दिसले. चालत गाडीत बसले.
"आणि तुमच्या मोबाईलवर आहे तो?"
मी तो फोटो उघडून त्याच्यापुढे ठेवला.
"मॅडम, तेच असतील तर एकच नोंद करतो. ते नसतील तर दोन माणसं गेलीत. सांगा तसं लिहितो."
दोन लिहा म्हटलं.
त्याने दुसरं पान उलटलं. नाव, कोरं. गाव, कोरं. वय सुमारे ऐंशी. अंगाने बारीक, डोक्याला मफलर, उजव्या अंगठ्यावर जुनी जखम. शेवटचा रकाना, इतर काही माहिती.
काय लिहू, म्हणाला.
घरी न्या म्हणतो, असं लिहा.