नथू मुकादमाच्या आवाजाची वाटणी

मी, शकुबाई नथू ओव्हाळ, वय अंदाजे ब्याऐंशी (अंदाजे, कारण मी जन्मले तेव्हा लिहून ठेवणारं घरात कुणी नव्हतं), राहणार टाकवे बुद्रुक, आंदर मावळ, तालुका मावळ, जिल्हा पुणे, बुद्धाला स्मरून हे मृत्युपत्र तोंडी सांगते. मला अक्षर येत नाही. वडगावच्या वकील अमृताताई लिहून घेत आहेत. मी “हाय” म्हणते, त्या “आहे” लिहितात, चालायचंच. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणीही माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही. ती करू पाहणारा एकच माणूस होता, माझा नवरा. तो दोन हजार नऊ साली गेला, आणि त्यालाही ते कधी जमलं नाही.

कलम १. राहतं घर आणि बारा गुंठे भातखाचर थोरला राजेंद्र आणि धाकटा अतुल यांना निम्मं निम्मं. अतुल तुंगार्लीला बंगला राखतो. आंबे उतरायच्या दिवशी त्याला बरोबर सुट्टी मिळते, भात लावायच्या दिवशी मिळत नाही. हे कागदावर असू द्यावं.

कलम २. पोस्टातली शिल्लक राजेंद्रची मुलगी रुपाली हिला. त्याचं कारण पुढे येईल.

कलम ३. तांब्याचा हंडा जाऊ सरुबाईकडे आहे. तिच्या लेकीच्या लग्नाला चार दिवसांसाठी नेला, आता त्या लेकीच्या लेकीचंही लग्न झालं. तो हंडा मी तिलाच बक्षीस देते. इथून पुढे तरी तिने हक्काने पाणी तापवावं.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता.

माझा नवरा नथू रेल्वेच्या गँगमध्ये मुकादम होता, कान्हे ते कामशेत. रूळ सरकवायचा तर बारा माणसं पहारी घालून उभी राहायची. नथू एक ओळ म्हणायचा, मग दम घ्यायचा, मग सगळे मिळून “हां!” आणि रूळ बोटभर सरकायचा. एक जण जरी मागेपुढे झाला तरी कुणाचा तरी पाय जायचा. त्याच्या वेळेत कुणाचा गेला नाही. गँगमधल्या हनुमंत भावजींनी शहाण्णव साली टेप नेऊन बावीस मिनिटं भरून घेतली. नथूचा आवाज जगात तेवढाच उरला आहे.

तीन वर्षांपूर्वी रुपालीने ती कॅसेट लोणावळ्याच्या एका दुकानात नेऊन संगणकात भरून आणली. नंतर कॅसेटची पट्टी घरातच तुटली. संगणकातली फाईल लय मोठी होती, तिला वेव्ह म्हणतात. राजेंद्रला संगणकात जागा हवी होती. त्याने तिची लहान एमपीथ्री केली आणि मोठी पुसून टाकली. रुपाली रडायला लागली, तेव्हा हा म्हणतो, “त्यात काय एवढं? परत मोठी करतो की!” आणि खरंच एमपीथ्रीची पुन्हा वेव्ह केली. “बघ आये, होती तेवढीच झाली.”

मी म्हटलं, “आधी ऐकव.”

नथूचं नाक लहानपणी मोडलेलं. ओळ संपली की तो नाकाने दम घ्यायचा आणि बारीक शिट्टी वाजायची. गडी त्या शिट्टीवर जोर लावायचे, ओळीवर नाही. राजेंद्रच्या फाईलीत ओळ होती, “हां” होता, मधे शिट्टीच्या जागी पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी होतं.

“राजा,” मी म्हटलं, “तांदूळ पुन्हा टरफलात भरलास. पोतं फुगलं. आता पेरून दाव, उगवतंय का.”

नशीब, त्या दुकानातून आवाज भरून आणलेलं मेमरी कार्ड रुपालीने चहाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. मूळ फाईल त्यात निघाली. आता ती तेवढी एकच आहे.

मग मला चैन पडेना. आवाज लहान करतात तेव्हा त्यातलं नेमकं काय काढतात, आणि काढलेलं जातं कुठे? आठ दिवस मी रुपालीचं डोकं खाल्लं. शेवटी तिने एकाच आवाजाच्या पाच फायली केल्या, मी डोळे मिटून बसले आणि ती एकेक लावत गेली. सगळ्यात लहान केलेली, चौसष्टवाली एमपीथ्री मी लगेच पकडली. सगळ्यात कमी काढलेली तीनशेवीसवाली आणि मूळ यांत मात्र तीनदा चुकले. खोटं कशाला सांगू?

“मग ही चालंल की गं,” मी म्हटलं.

“ऐकायला चालेल, आजी. पण उद्या कुणी हिच्यावरून दुसरी लहान केली, तिच्यावरून तिसरी, की दर खेपेला थोडं गळतं.”

“कांडलेलंच कांडायचं. कणी व्हणार.”

“हां. आणि ही फ्लॅक. हिच्यात काही गळत नाही, नुसतं दाबून बसवतात.”

“म्हंजी घडी घातलेलं लुगडं. उलगडलं की नऊवार ते नऊवारच.”

तिने संगणकावर आवाजाचं चित्र काढून दाखवलं. मूळ फाईलीत शिट्टीच्या जागी एक बारीक आडवी रेघ होती, लहान फाईलीत ती पुसलेली होती. मला वाचता येत नाही, पण तेवढं वाचता आलं.

कलम ५. म्हणून वाटणी अशी. हनुमंत भावजींच्या बटणाच्या फोनवर फक्त एमपीथ्री वाजते, त्यांना तीनशेवीसवाली द्यावी. अतुललाही तीच. खायला तांदूळच लागतो, साळ कुणी ताटात वाढत नाही. ज्याला नवी प्रत हवी त्याने ती मूळ फाईलीवरूनच काढावी, प्रतीवरून प्रत काढू नये. राजेंद्रने “परत मोठी” केलेली फाईल त्याने स्वतःच्या हाताने पुसावी.

कलम ६. मूळ फाईलीचं कार्ड. राजेंद्र म्हणतो, थोरला मी. रुपाली म्हणते, जपलं मी. खरं आहे, म्हणूनच पोस्टातलं तिला दिलं, पण तिचं उद्या लग्न होईल, नोकरी कुठे असेल माहीत नाही. हे कार्ड मी थोरली सून रेणुका हिला देते. आमचं सव्वीस वर्षांत आमटीच्या मिठावरही एकमत झालेलं नाही. एका वर्षी घरातला दाणा संपला तेव्हा मी तिला बियाण्याच्या कणगीतलं काढ म्हटलं. ती म्हणाली, “आत्याबाई, उपाशी निजू. त्याला हात न्हाई लावायचा.” मी आळीभर तिला दगड म्हणत फिरले. पुढच्या साली खाचर तेवढं आमचंच हिरवं होतं. मी चुकले होते, हे आजवर बोलले नाही, आज लिहून देते.

अमृताताई हे कलम वाचून दाखवत होत्या तेव्हा रेणुका सूप हातात घेऊनच बाहेर आली.

“तुमी मरूस्तवर ते चहाच्या डब्यात ठेवायचं व्हय? आन एकच? बियानं कुनी एका घरात ठेवतं का?”

“मग काय करू म्हणतीस?”

“मला आत्ता द्या.”

रुपालीने तिथेच बसून आणखी दोन कार्डं भरली, फ्लॅक करून. त्यातलं एक कान्ह्याला रेणुकाच्या भावाकडे जाईल, एक रुपालीजवळ राहील. मूळ कार्ड रेणुकाने पदराच्या गाठीत बांधलं.

सबब कलम ६ रद्द. सदर वस्तू आता माझी राहिलेली नाही.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, दोन ठिकाणी भांडून बदलून घेतलं, आणि खाली डाव्या हाताचा अंगठा दिला.

शकुबाई नथू ओव्हाळ (अंगठा)

साक्षीदार:
१. सविता बाळू जांभूळकर, अंगणवाडी सेविका (सही)
२. ओंकार दशरथ गरुड, दूध डेअरी (सही)

ठिकाण: टाकवे बुद्रुक. दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

पोचपावती: कार्ड मिळालं. बावीस मिनिटं पुरी ऐकून घेतली. शिट्टी आहे.
रेणुका राजेंद्र ओव्हाळ (सही)