पंखावरचा हात

प्रिय भिंगरी,

विमान रद्द झाल्याचा तुझा निरोप सकाळी दहाला मिळाला. खरं सांगू का, मला ते तुझ्याआधी दोन तास कळलं होतं. आठ वाजता आमचे साहेब धावपट्टीवर उतरले, बुटाने बर्फ घासून बघितला, घसरून पडले, उठले आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. पाहिलं सगळ्यांनीच होतं. तेव्हाच समजलं की आज काही खरं नाही. तरी मी तुला कळवलं नाही. वाटलं, कंपनीचा निरोप येईपर्यंत तू बॅग भरत असशील, तेवढा वेळ तरी तू येणार आहेस असं मला म्हणता येईल. एकट्या माणसाचे असले चाळे असतात, तू मनावर घेऊ नकोस.

तुझी खोली तयार आहे. हीटर दुरुस्त करून घेतला, आता तो घरघरत नाही, फक्त मधूनच खाकरतो. चादर नवीन आणली, पण मापात गडबड झाली. चौथा कोपरा गादीखाली खोचला की पहिला सुटतो. काल अर्धा तास मी त्या पलंगाभोवती प्रदक्षिणा घालत होतो. तुझी आई असती तर दारात उभी राहून पोट धरून हसली असती आणि मग एका झटक्यात चादर घालून मोकळी झाली असती. शेवटी मी तो कोपरा सेफ्टी पिनने गादीला टोचून टाकला. तू आलीस की जपून झोप.

आता आठ दिवस थांबायचं. सुट्ट्यांच्या गर्दीत त्याआधी एकही जागा नाही म्हणालीस. टपालाची गाडी मात्र रस्त्याने जाते, रस्ते चालू आहेत, म्हणजे हे पत्र तुला पाच दिवसांत मिळेल आणि तुझ्याकडे तीन दिवस उरतील. ते तीन दिवस मी मुद्दाम मोजलेत. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू बोलतेस, मी हं हं करतो, आणि फोन ठेवल्यावर मला सगळं बोलायचं आठवतं. म्हणून लिहायला बसलोय. दुपारचे तीन वाजलेत, आमची पाळी बाराला संपवली, जाणारं विमानच नाही तर आम्हाला काय काम?

विमानतळावर आज पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बॅगांवर बसलेत, बॅगांना टेकून झोपलेत. एका बाईने तर सरकत्या जिन्याच्या खाली पोरांसाठी कोटांचं घर केलंय. अंगावर पिवळं जॅकेट दिसलं की लोकांना वाटतं, आभाळाची किल्ली याच्याच खिशात आहे. एका आजोबांनी मला तीनदा गाठलं. मांडीवर खेळण्यांची भली मोठी पिशवी. साहेब, संध्याकाळचं तरी जाईल ना? मी म्हणालो, बघू, उघडलं तर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत ते स्वतःच म्हणाले, बघू, उघडलं तर, आणि हसून मला एक बिस्कीट दिलं. मी ते तिथेच उभ्याने खाल्लं. नातवंडांना येतो म्हणून कबूल केलंय हो, असं ते म्हणत होते, आणि मला तिथून निघता येईना.

तुला आठवतं, तू सहा-सात वर्षांची असताना आई तुला कुंपणापाशी घेऊन यायची? तुला वाटायचं, तिथलं प्रत्येक पिवळं जॅकेट म्हणजे बाबा. सामान चढवणाऱ्याला हात, इंधन भरणाऱ्याला हात, झाडू मारणाऱ्यालाही हात. सगळे बिचारे तुला उलट हात करायचे. मी मात्र वर, फवारणीच्या गाडीच्या उंच पाळण्यात, हातात नळी, मला सोडताच यायची नाही. घरी आलो की तू म्हणायचीस, बाबा, आज तू मला नऊ वेळा हात केलास. आणि तुझी आई कुणी विचारलं की सांगायची, आमचे हे विमानांना आंघोळ घालतात. ऐकणाऱ्याला वाटायचं थट्टा आहे, पण काम खरंच तेच आहे. आधी गरम पाण्यात मिसळलेलं नारिंगी औषध मारून बर्फ वितळवायचा, मग वर हिरव्या औषधाचा जाड थर द्यायचा, म्हणजे नवा बर्फ चिकटत नाही. तो थर ठरावीक मिनिटंच टिकतो. तेवढ्यात विमान उडालं तर उडालं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून आंघोळ.

या सगळ्यात एक गोष्ट यंत्राने होत नाही. पंखावर कधीकधी बर्फाचा असा पातळ थर असतो की डोळ्यांना दिसतच नाही. आम्ही त्याला नुसतं 'काच' म्हणतो. ती ओळखायची तर हातमोजा काढून उघडा पंजा पंखावर ठेवायचा आणि नख ओढून बघायचं. मग कप्तान आतून वायरलेसवर विचारतो, पंख स्वच्छ आहेत का, आणि आपण हो किंवा नाही यातलं एक सांगायचं. त्याखाली आपली सही. सव्वीस वर्षं मी हे केलं, माझ्या बोटांना जे कळतं ते मला दुसऱ्या कुठल्याही बाबतीत कळलेलं नाही. तुझ्या आईचा ताप मला कधी हाताने ओळखता आला नाही, ती म्हणायची, तुमच्या हाताला विमानंच कळतात.

आमच्यात एक रीत आहे. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. ज्या विमानात घरचं माणूस बसलंय, त्या विमानाला आपण हात लावायचा नाही. आमची गाडी चालवणारे मास्तर (शाळेत कधी शिकवलं नाही, पण आम्हाला दिवसभर शिकवतात) म्हणतात, आपलं माणूस आत असलं की हात खोटं बोलायला लागतो. त्यांचा मुलगा पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हा मास्तर कँटीनमध्ये धावपट्टीकडे पाठ करून बसले होते. विमान उडाल्याचं सांगितल्यावरच त्यांनी गार झालेला चहा तोंडाला लावला. तेव्हा मी त्यांची खूप टर उडवली होती.

मागच्या वर्षीचा तो दिवस मला तुझ्याशी कधी नीट बोलता आला नाही. आई आजारपणात माहेरी मावशीकडे होती, आणि मावशीचा फोन आला होता, जमेल तेवढ्या लवकर या म्हणून. सुट्ट्यांच्या आठवड्यात आमच्या रजा बंद असतात. साहेबांनी मला चार दिवसांनी सोडायचं कबूल केलं होतं आणि मीही मान डोलावली. डॉक्टर तर अजून दोन-तीन आठवडे म्हणत होते. तू सकाळी इथे उतरलीस, दुपारी इथूनच आईच्या गावाला दुसरं विमान. मधले चार तास आपण कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. तू दोन वेळा चहा घेतलास आणि दोन्ही वेळा अर्धा ठेवलास. माझ्या जॅकेटचं वरचं बटण लोंबत होतं, ते तू ओढून तोडलंस आणि स्वतःच्या खिशात टाकलंस, आल्यावर लावून देते म्हणालीस. मग म्हणालीस, बाबा, मला अगदी पंखावरची खिडकी मिळाली आहे, आज तुझं काम जवळून बघते. मी म्हणालो, आज माझी पाळी मालाच्या विमानांकडे आहे, पलीकडच्या टोकाला. ते तेव्हा खरं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. तुमच्या आधीचं विमान गेलं. तुमचं थांबवलं. पुन्हा औषध भरून आणायला गाडी गेली, चाळीस मिनिटं गेली, तेवढ्यात असा बर्फ कोसळायला लागला की समोरचं दिसेना, आणि विमानतळ दोन दिवस बंद झाला. तू त्या रात्री बाकावर बसून राहिलीस, घरी चल म्हटलं तर आली नाहीस, उघडलं तर मी इथेच हवी म्हणालीस. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. तो तू घेतलास. मी समोर उभा होतो, आणि तुझ्या चेहऱ्यावरून मला कळलं. तुला एक सांगितलेलं नाही, ते मावशीने मला नंतर सांगितलं. आई सकाळपासून विचारत होती, निघाली का? मावशी प्रत्येक वेळी सांगत होती, निघाली, निघाली, पोचेलच आता.

वर्षभर तू कंपनीला पत्रं लिहिलीस. त्यांचं उत्तर तेच, खराब हवामानामुळे. तू प्रत्येक वेळी मला म्हणालीस, आधीचं विमान त्याच हवेत गेलं ना? मग आमचंच कुणी थांबवलं? मी त्याला पाहिलंय बाबा, तो पंखावर हात ठेवून उभा होता, तोंड झाकलेलं, मी त्याला खिडकीतून हातही केला. तू तिथला आहेस, तुला सगळे ओळखतात, मला फक्त नाव काढून दे. मी भांडणार नाही, मला त्याला एकच विचारायचंय, खरंच बर्फ होता का? तो हो म्हणाला की मी गप्प बसेन. आणि मी म्हणत राहिलो, बघतो. वर्षभर मी नुसता बघतोय. तुझा फोन वाजला की आनंद होतो आणि त्याच क्षणी वाटतं, आज पुन्हा विचारणार. मधे तू दोन महिने विचारलं नाहीस तर मला वाटलं सुटलो, आणि असं वाटलं याची इतकी लाज वाटली की तुझ्या पुढच्या दोन फोनना मी घरात नसल्यासारखा बसून राहिलो. या घरात आता मी आणि तुझा तो प्रश्न, दोघंच राहतो.

त्या दिवशी तुला आत सोडून आलो आणि मास्तरांना म्हणालो, त्या विमानाची पाळी मला द्या. ते नको म्हणाले, दोनदा म्हणाले. पण मला राहवेना. मला स्वतः तुझ्या आईकडे जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, निदान तिच्याकडे जाणारं विमान तरी मी धुतलेलं असावं असं वाटलं. शेवटी ते गाडीत बसले आणि मी पाळण्यातून वर गेलो. नारिंगी औषध मारलं, मोजा काढला, पंजा ठेवला. समोर खिडकीत तू. तू हात केलास. लहानपणीसारखाच, पिवळं जॅकेट दिसलं म्हणून. माझ्या हातात नळी होती, पण या वेळी ती सोडता आली असती. मी सोडली नाही. मी पुन्हा पंजा ठेवला, पुन्हा नख ओढलं, पुन्हा औषध मारून तिसऱ्यांदा ठेवला. बोटं बधिर झाली होती, ओलं काय आणि काच काय, मला काही कळेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळेना. खाली मास्तर होते, त्यांना वर बोलावून त्यांचा हात लावायला सांगता आलं असतं. तेही मला सुचलं नाही, मला फक्त तुझा चेहरा दिसत होता. कप्तानाने विचारलं, पंख स्वच्छ आहेत का? आणि मी नाही म्हणालो. साहेबांनी नंतर पाठ थोपटली, शंका आली की थांबवायचं, नियमाने अगदी बरोबर केलंस म्हणाले. मास्तरांनी माझी पांढरी पडलेली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरून चोळली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की मला माहीत नाही. बर्फ असेल, नसेलही. त्या खिडकीत दुसरं कुणी असतं तर कदाचित मी हो म्हणालो असतो, आणि तू त्याच संध्याकाळी आईजवळ पोचली असतीस. भीती पंखाची होती की तुझी, हे मला वर्षभर ठरवता आलेलं नाही, आणि खोटं हो सांगून तुला गप्प बसवणं मला जमणार नाही. आठ दिवसांनी तुझं विमान आहे. हे वाचून यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर त्या तीन दिवसांत तिकीट परत कर, मी कारण विचारणार नाही. त्या दिवशी मी कामावर नाही, मास्तरांना सांगून ठेवलंय. बाहेरच्या दारापाशी धावपट्टीकडे पाठ करून उभा असेन, तेच जॅकेट घालून, वरच्या बटणाची जागा अजून तशीच रिकामी आहे. तुला त्या माणसाचं नाव हवं होतं ना? खाली लिहितोय.

तुझाच,
बाबा