नसीम, उद्या टाकी पुन्हा भरायची आहे

प्रिय नसीम,

मला भीती वाटतेय.

उद्या सकाळी टाकी पुन्हा भरायची आहे. अम्मींचा आत्ताच फोन आला होता. “किती दिस कोरडी ठेवशील गो? ये नि भर.” मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. सानपाड्याच्या घरात, भर दुपारी, पंखा फुल्ल असताना घाम फुटलाय मला. दुसऱ्या कुणाला सांगू? आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणतील, “मग बंद करून टाक ना, जबरदस्ती आहे का कुणाची?”

आहे ना. तुझी आहे!

तू कधीच घाबरायची नाहीस, हाच माझा तुझ्यावर पहिला राग. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आपण एका टेबलावर असायचो. बर्नर तू पेटवायचीस, मी दोन पावलं मागे. तू म्हणायचीस, “मेधे, तू अशी बघतेस जसा काय त्या डिशमधून वाघ येणारे.” मी पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तू तळोज्याच्या औषध कंपनीत गेलीस. झोया झाली तशी नोकरी सोडलीस. इरफान बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात, म्हणून तू द्रोणागिरीच्या पलीकडे सासरी, अम्मींकडे गावी राहायला आलीस. आणि एके दिवशी तुझा फोन: “मी शेवाळ पाळलंय!”

मला वाटलं, माशांच्या काचपेटीत असेल.

येऊन बघते तर घरामागच्या आवारात, जिथे अम्मी सुकटीच्या चटया अंथरायच्या तिथे, ताडपत्री घातलेली गुडघाभर खोल टाकी. वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर. आणि आत ते पाणी! इतकं गर्द हिरवं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर धडधडत जात होते आणि तू बांबूने ते हिरवं पाणी ढवळत मला सांगत होतीस, की ह्याला स्पिरुलिना म्हणतात, की सुकवलं तर ह्याच्यात निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं, की ह्याला शेत लागत नाही, ऊन नि सोड्याचं कडक पाणी मिळालं की बास.

सगळं झोयासाठी सुरू केलंस तू. पोरगी अंडं थुंकायची, डाळ ढकलायची, मासळीचा वास आला की घराबाहेर पळायची. अम्मी कपाळावर हात मारायच्या, “दर्याकाठच्या घरात मासा न खानारी पोर कुटून आयली?” डॉक्टर म्हणाले होते, मुलीला प्रोटीन कमी पडतंय. मग तू खजूर-तिळाच्या लाडवात चिमूटभर हिरवी पावडर घालायला लागलीस. झोयाला कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा आवडायला लागलं होतं! अम्मींनी एकदा चाखून बघितलं नि म्हणाल्या, “वास माशाचाच हाय, नुसता मासा नाय.”

नंतर तिच्या मागे दुसरी टाकी आली. मी रविवारी यायला लागले. कापडातून पाणी गाळायचं, वरचा हिरवा लगदा पिळायचा, शेवयांसारखा पाडून सुकवायचा. माझ्या सोसायटीतल्या बायका पावडर न्यायला लागल्या. किती हसायचो गं आपण त्या आवारात! मला वाटायचं, म्हातारपणीही अशाच बसू, हात हिरवे करून.

आणि मग तो उन्हाळ्यातला दिवस. तुझा फोन आला, “डोकं फार ठणकतंय गं. तू येणारेस ना? दुपारची टाकी तेवढी ढवळ, मला वाकवत नाही.” मी म्हटलं, “गोळी घे आणि झोप.” पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी तुला गाडीत घातलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तू शुद्धीवर आलीच नाहीस.

म्हणजे तुझे माझ्याशी शेवटचे शब्द टाकी ढवळण्याबद्दल होते. असं कुणी जातं का, नसीम?

तुझं दफन झालं त्या दिवशी पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली आणि घर बायकांनी भरलं होतं. मला आत बसवेना. मी मागच्या दाराने आवारात गेले. ढवळलं नाही तर शेवाळ तळाशी बसतं, गुदमरतं, सडतं, एवढं मला माहीत होतं. मी बांबू घेतला आणि ढवळत राहिले. रडत नव्हते. नुसती ढवळत होते. झोया दाराशी येऊन म्हणाली, “मावशी, ते पण मरणार का?” मी म्हटलं, “नाही. ते नाही मरणार.”

हे बोलून बसले ना मी! म्हणून तर पुढचं सगळं.

शाळा सुटली की मी बस धरून गावी यायचे. ढवळणं, गाळणं, सोडा घालणं. चुकत-माकत जमायला लागलं होतं. पावसाळ्यात एका दुपारी वादळी वारा आला आणि मागच्या टाकीवरचं प्लास्टिक फाटलं. पावसाचं पाणी आत गेलं. मी प्लास्टिक शिवून घेतलं, सोडा वाढवला, पाणी परत हिरवं दिसायला लागलं. मला वाटलं, वाचलं. हिरवं म्हणजे हिरवं, असं मला वाटलं. तू असतीस तर वाकून वास घेतला असतास, मायक्रोस्कोपखाली थेंब बघितला असतास.

मग झोया आजारी पडली.

आधी ताप, मग उलट्या. अम्मी म्हणाल्या, हवा बदलली. पण मी संध्याकाळी तिला मांडीवर घेतलं आणि तिचे डोळे बघितले. पिवळे!  नसीम, तू शिकवलेलं सगळं मला एकदम आठवलं. सोड्याचा जोर उतरला की पाण्यात नको ती शेवाळं शिरतात. त्यातली काही विषारी असतात. आणि ते विष थेट लिव्हरवर जातं.

आणि हिच्या लिव्हरलाच काहीतरी झालं होतं.

उरणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि विचारलं, “बाहेरचं काही खाल्लं? एखादं औषध, काढा, पावडर?” अम्मी म्हणाल्या, “नाय, घरचाच खाते.” मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं.  तरी मी म्हटलं, “स्पिरुलिना खाते रोज, डॉक्टर. मी बनवते.”

अम्मींनी वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. त्यांनाही भीती वाटली होती, आणि ती माझीच वाटली होती.

डॉक्टर म्हणाल्या, “ते आधी थांबवा. पावडर आणि पाणी, दोन्ही टेस्टला पाठवा. हिचं रक्त मी पाठवते.” झोयाला तिथेच ॲडमिट केलं.

इरफानचा फोन बोटीवरून आला. आवाज तुटत होता. “मेधा, अम्मी काय बोलतात ते खरं हाय? त्या पावडरने झालं?”

“माहीत नाही, इरफान. रिपोर्ट यायचाय.”

 मला मागे इंजिनची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाला, “माझ्याकडे आता तेवढीच हाय.”



दुसऱ्या दिवशी तुझा मायक्रोस्कोप कपाटातून काढला. पुढच्या टाकीतला थेंब ठेवला. तुझ्या लाडक्या स्प्रिंगा, म्हणजे स्पिरुलिनाची वेटोळी, एकीला एक लागून, स्वच्छ. मग मागच्या टाकीतला थेंब. स्प्रिंगा होत्या, पण त्यांच्यामध्ये बारीक गोल गोल ठिपक्यांचे पुंजके. मी डोळा बाजूला घेतला, परत लावला. पुंजके तिथेच. स्लाइड बदलली. त्यातही पुंजके. मी आवारात जमिनीवर बसले, नसीम. 

लाडवांसाठी अम्मींच्या डब्यात दिलेली पावडर कुठल्या टाकीची होती? प्लास्टिक फाटायच्या आधीची की नंतरची? मला आठवेना. आठवायचा प्रयत्न केला की डोक्यात नुसतं हिरवं पाणी यायचं. आणि झोयाचे डोळे.

सोसायटीतल्या सगळ्यांना मी फोन लावले. “माझ्याकडची पावडर खाऊ नका, टाकून द्या.” सावंतबाई म्हणाल्या, “म्हणजे? विषारी आहे की काय? माझा नातू खातो गं दुधातून!” मी म्हटलं, “माहीत नाही, काकू. पण त्याला काही त्रास झाला तर मला लगेच सांगा.” त्यांनी फोन ठेवला.  त्यानंतर मोबाइल वाजला की प्रत्येक वेळी वाटायचं, आता नातवाचंच ऐकायला येणार.

तेव्हा तुझ्यावर इतकी चिडले होते मी! का सोपवून गेलीस हे? ज्याला डोळे नाहीत, आवाज नाही, बिघडलं तरी जे हिरवंच दिसतं, असलं जिवंत काहीतरी कुणी घाबरट माणसाच्या हाती देतं का?

दवाखान्यात मी झोयाच्या पायाशी बसायचे. अम्मी उशाशी दुआ पुटपुटत तसबीचे मणी ओढत असायच्या.  एकदा मीच म्हटलं, “अम्मी, माझ्यामुळे झालं असेल तर...”

त्यांनी हात वर केला. “आता नको बोलूस. तू बी तेच खातेस ना रोज?”

“हो.”

“मी बी खाते. मंग आपल्याला कसा काय नाय झाला?”

मी म्हटलं, “ती लहान आहे ना, अम्मी.” त्या परत तसबी ओढायला लागल्या. तेवढ्याने मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आधी रक्ताचा रिपोर्ट आला. पाण्यातून होणारी कावीळ. झोयाच्या वर्गातली आणखी तीन-चार पोरं त्याच आठवड्यात पिवळी पडली होती. शाळेजवळची पाइपलाइन फुटून तिच्यात गटाराचं पाणी जात होतं म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या पावडरचा संबंध नाही. मुलगी बरी होईल.” मी तिथेच, त्या कॉरिडॉरमध्ये, भिंतीला धरून रडले. तुझ्या वेळचं सगळं तेव्हा बाहेर आलं.

पण ऐक, अजून आहे. दोन दिवसांनी लॅबचा फोन आला. डब्यातली पावडर साफ होती. पुढची टाकी साफ होती. मागच्या टाकीत विष होतं.

थोडं होतं, पण होतं.

आणि त्याच रविवारी मी ती टाकी गाळणार होते, नसीम. पावडर करून सावंतबाईंना देणार होते, अम्मींना देणार होते, झोयाच्या लाडवात घालणार होते. पोरीला कावीळ झाली नसती तर मी मायक्रोस्कोप काढलाच नसता. पाणी सुंदर हिरवं होतं ना! झोया आजारी पडली म्हणून बाकीचे वाचले, असा विचार मनात येतो आणि मला माझीच शिसारी येते. कशाबद्दल देवाचे आभार मानायचे, तेच कळत नाही.

मागच्या टाकीत आम्ही ब्लीचिंग पावडर टाकली. लॅबवाल्यांनी सांगितलं होतं तसं पाणी खाडीत न सोडता खड्ड्यात मुरवलं. पुढच्या टाकीचाही मला भरवसा वाटेना, तीही रिकामी केली. अम्मी ओचा खोवून आत उतरल्या आणि नारळाच्या काथ्याने ताडपत्री घासायला लागल्या. मी म्हटलं, “राहू द्या, अम्मी, मी बंदच करते हे.” तर मान वर न करता म्हणाल्या, “बंद कराचा असता तर घासली कशाला असती?”

झोया आता बरी आहे. शाळेत जाते. इरफान येऊन गेला. जाताना मला म्हणाला, “चालू ठेव. पन मला भ्या वाटतं, ते मी लपवनार नाय.” मी म्हटलं, “मलाही वाटतं.” आम्ही दोघं एवढंच बोललो, पण तुझ्यानंतर पहिल्यांदा नीट बोललो.

तर नसीम, उद्या मी टाकी भरणार आहे. एकच. मागची नाही. लॅबमधून शुद्ध स्पिरुलिनाचं जिवंत बी आणलंय, बाटलीत आहे, माझ्या टेबलावर. मी त्याच्याकडे बघत लिहितेय. आठवड्याला स्लाइड बघणार. प्रत्येक वेळी काढलेली पावडर टेस्ट होऊन आल्याशिवाय कुणाच्याही तोंडात जाणार नाही, माझ्याही नाही. सावंतबाई परत घेतील की नाही माहीत नाही. नाही घेतली तरी चालेल. झोयाला कधी द्यायची हे डॉक्टर नि इरफान ठरवतील, मी नाही.

तू शूर होतीस, म्हणून तुझं निभलं. माझ्याकडे ते नाही, आणि आता मी ते आणायला जाणारही नाही. पण तुला एक वचन देते. ज्या दिवशी त्या हिरव्या पाण्यात हात घालताना मला भीती वाटायची थांबेल, त्या दिवशी मी टाकी रिकामी करेन, आणि मग अम्मींनी सांगितलं तरी भरणार नाही.

तुझीच,
घाबरट मेधा