उजव्या बाजूनं ये

पिंगळी, ता. ७ मार्च १९५९

दत्तूदादास केवळाचा दंडवत.

इकडं समदे बरे हायेत. दर बारीला पोस्टमन लिवून देतो, पर हे मी सवता लिवायले. दुसरीपर्यंत शिकलेलीचं अक्षर हाय, नेट लावून वाच.

काळ्या शेळीला जुळं झालं. घरधनी जिंतूरच्या बाजाराला गेलेत.

कानाचं इचारलंस. वाहणं थांबलं. उशीला डाग न्हाई, वास न्हाई, बायका जवळ बसायल्यात. मांडीचं कातडं कानाच्या पडद्याला लावलं ते धरलं, भोक बुजलं. तू दावलेला हैद्राबादचा डाक्टर लय हुशार.

तू लिवतोस, "केवळे, तुला ऐकू यायलंय, आता पाडव्याला तोंड वर करून गावात येतो." गाव सोडून तुला तीस वर्सं झाली. आईच्या मातीला आलास, तवाबी घरात पाय ठेवला न्हाईस.

मग वाच. ऐकू येत न्हाई.

डाक्टरनं लोखंडी चिमटा वाजवून डाव्या कानाशी धरला, तवा तू समोर हुबा व्हतास, लेकरावानी तोंड करून. उजव्यानं ऐकलं अन् डाव्याचं सांगितलं. डाक्टर आधीच म्हणला व्हता, बाई, पडदा बसंल, आतलं हाडूक झिजलं असंल तर ऐकू येईलच असं न्हाई. तुला बोलले न्हाई. घरधनी म्हणतेत, "पयलेबी ऐकत नव्हतीस, आताबी न्हाई, मग हैद्राबादला कशाला गेलतीस?"

अजून हाय. घरधन्यालाबी ठावं न्हाई.

कोकरू लांडग्यानं नेलं म्हणून तू मला चापट मारलीस, कानातून रगत आलं, समदं गाव तुझ्यावर उठलं. त्याच्या आदल्या दिशी माझ्या कानात गोचीड शिरला व्हता. मेंढरातच निजायचो आपण. वळवळायला लागला. मला कुठला धीर! घोंगडी शिवायचा आईचा दाभण घातला. गोचीड निघाला, कान फुटला. आई मारंल म्हणून गप बसले, अन् बापाचा मार तुला बसू दिला. मग तू रेल्वेत गेलास अन् सांगायचं राहून गेलं.

राहून कसलं! सांगितलं न्हाई.

शिव्या दे. पर घरी येऊन दे. मला डाक्टरकडं न्यायचं तिकीट काढू नको, तुझं पिंगळीचं काढ. पाडव्याला मी ठेसनावर हुबी राहते. डावीकडून हाक मारू नको. मी वळणार न्हाई, अन् मी रुसले समजून तू माघारी गाडीत बसशील.

उजव्या बाजूनं ये.

तुझ्या हातानं कान न फुटलेली,
केवळा